पळसाला पाने किती

कुठेही जा, पळसाला पाने तीनच. ही म्हण पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली तो गावोगाव हिंडून थकला होता, की त्याने वेशीबाहेर पाऊलच टाकलं नव्हतं? पंचाईत अशी, की ती दोघांनाही सारखीच शोभते. फिरून आलेल्याच्या तोंडी अनुभव वाटते, घरी बसलेल्याच्या तोंडी सबब.

१५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून ‘इंडियामन’ नावाची बस कलकत्त्याला निघाली. पॅडी गॅरो-फिशर यांच्या या बसमध्ये वीस प्रवासी होते. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असं करत ती ५ जूनला कलकत्त्याला पोचली आणि २ ऑगस्टला लंडनला परतली. जाण्याचं भाडं ८५ पौंड. पुढची वीसेक वर्षं या वाटेवर अशा बसगाड्यांची रीघ लागली, दुमजलीसुद्धा धावल्या.

या मंडळींनी पाहिलं काय? खिडकीबाहेर देश बदलत होते, आत मात्र रोज तेच चेहरे. कोण घोरतं, कोण रोज उशिरा उठून सगळ्यांना खोळंबून ठेवतं, कोणाला पुढचीच सीट लागते, हे झाग्रेब येईपर्यंत पाठ झालं असणार. झाग्रेब ते बेलग्रेड हा सपाट, सरळ, कंटाळवाणा टप्पा. युगोस्लाव्ह तरुणांच्या श्रमपथकांनी हात लावून बांधलेला हा रस्ता १९५० मध्ये खुला झाला आणि त्याला नाव मिळालं ‘बंधुता आणि एकता’. इतक्या कंटाळवाण्या रस्त्याला इतकं मोठं नाव क्वचितच मिळालं असेल.

पण पळसाचं राहूनच गेलं. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर म्हण सरळ चूक आहे. तीन पानं म्हणून जी दिसतात त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका. म्हणजे देठाला पान एकच. त्यातून फाल्गुनात गेलं तर तेही बहुधा गळालेलं, फांद्यांवर नुसती केशरी फुलं. म्हणकाराने पाहणी नेमकी कोणत्या महिन्यात केली? बरं, पत्रावळी टाचणाऱ्या बाईला विचारावं, तर ती तीनच म्हणेल, कारण तिला तिन्ही वेगळी खुडून वेगळी टाचायची असतात. शास्त्रज्ञ देठ धरून मोजतो, ती टाका धरून मोजते. दोघांपैकी झाड जास्त ओळखीचं कोणाचं, हा प्रश्न म्हणीत नाही आणि वनस्पतिशास्त्रातही नाही.

झाग्रेब-बेलग्रेडच्या त्या रस्त्यावर आणखी एक गर्दी होती. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्यानंतर दर उन्हाळ्यात म्युनिक-स्टुटगार्टकडचे तुर्की कामगार बायकामुलांसह, टपावर गाठोडी बांधून, याच वाटेने अनातोलियाकडे निघू लागले. त्यांचाही प्रवास समूहाचाच. एक मोटार पुढे, दुसरी मागे, थांबा मिळून, जेवण मिळून. तेव्हा ई-५ म्हणून ओळखला जाणारा हा महामार्ग अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता, कारण सुट्टीचे दिवस मोजके असल्याने रात्र रात्र जागून गाडी हाकली जाई. आषाढीच्या वारीसारखंच हे: वाट दरवर्षी तीच आणि नवं काही पाहायचं नाही, पोचायचं. मात्र ही तुलना जरा सोयीचीच वाटते. वारकऱ्याच्या पोटात पुढच्या सीमानाक्याची धास्ती नसते.

दक्षिण सर्बियातल्या निशजवळ रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट स्कोपियेवरून सालोनिकीला जाते, दुसरी सोफियावरून तुर्की सीमेवरच्या एदिर्नेला. इथेच, इस्तंबूलच्या जुन्या वाटेवर, कवट्यांचा मनोरा आहे. ३१ मे १८०९ रोजी चेगारच्या लढाईत पडलेल्या सर्ब बंडखोरांची शिरं उस्मानी सेनापती हुर्शिद पाशाने या मनोऱ्यात चिणवली. ९५२ कवट्या होत्या, आज ५८ उरल्या आहेत. बाकीच्यांच्या जागी नुसत्या खोबणी. फ्रेंच कवी लामार्तीन १८३३ मध्ये पूर्वेकडून परतताना इथे थांबला होता आणि त्याने त्यावर लिहिलंही. आता भोवती छोटं प्रार्थनागृह आहे, आत तिकीट काढून जाता येतं.

अडचण अशी, की मनोरा वाटसरूंसाठीच बांधला होता. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावं आणि धडकी भरावी, हाच त्याचा उपयोग. म्हणजे सहलीचा गट गाडीतून उतरून त्यापुढे उभा राहतो, तेव्हा तो हुर्शिद पाशाच्याच बेताप्रमाणे वागतो. धडकी तेवढी भरत नाही. आणि शेजारून भरधाव जाणारा कामगार, ज्याला उतरायला वेळ नाही? त्याने काही चुकवलं, की मनोऱ्यालाच चुकवलं? मनोऱ्याला चुकवलं असं म्हणावं, तर तो रसिक नाही म्हणून त्याला उगाच शहाणपण चिकटवल्यासारखं होतं. कदाचित त्याला नुसती झोप आलेली असेल.

इस्तंबूलला दोन्ही गर्दींचे रस्ते पुन्हा वेगळे होत. बसवाले सुलतानअहमदमधल्या ‘पुडिंग शॉप’मध्ये. १९५७ सालच्या या खानावळीतल्या फलकावर पुढच्या गाडीत जागा हवी असलेले अनोळखी लोक चिठ्ठ्या लावत आणि तिथल्या तिथे नवे गट जमत. कामगार बॉस्फरस ओलांडून पुढे जात. आधी फेरीबोटीने, मग पुलावरून. पूल ३० ऑक्टोबर १९७३ रोजी खुला झाला, कराराच्या बरोबर बाराव्या वाढदिवशी, आणि महिना उलटण्याआधी, २३ नोव्हेंबरला, जर्मनीने भरतीच थांबवली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि बसवाल्यांची वाट बंद पडली. कामगारांची चालू राहिली. १९९१ नंतर युगोस्लाव्हियाची शकलं होऊ लागली तेव्हा ते हंगेरी-रुमानियाकडून वळसा घालू लागले, पण थांबले नाहीत. ‘बंधुता आणि एकता’ महामार्ग आता चार देशांत वाटला गेला आहे.

मे २०२५ मध्ये भारतातल्या बऱ्याच पर्यटन कंपन्यांनी तुर्कस्तानच्या सहली थांबवल्या. दोन देशांतलं राजकारण बिघडलं की सहलीचा गट दुसरा देश निवडतो, आणि त्यात काही वावगंही नाही. ज्याचं गाव तिथे आहे त्याला मात्र ही निवड नसते. की असते? त्या पहिल्या कामगारांची नातवंडं आजही जुलैत कापकुलेच्या तुर्की सीमानाक्यावर तासन्‌तास रांगेत असतात, मागच्या सीटवर, जर्मनीत जन्मलेली, जर्मनीत शिकणारी. आजोबांचं गाव त्यांना वर्षातून चार आठवडे दिसतं. त्यांना विचारलं, की बाळा, तू सहलीला निघालास की घरी, तर काय सांगतील कोण जाणे. आणि ऑगस्टात परतीच्या रांगेत हाच प्रश्न विचारला, तर उत्तर तेच येईल असंही नाही.