रॅलीतला इमला

हिंगणा एमआयडीसी म्हटलं की गाडीच्या आधी ट्रॅक्टर आठवतो. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना इथलाच. आमच्या शाळेतल्या मुलांचे अब्बा, मामू, चाचा याच पट्ट्यात कामाला आहेत. एखादा कायम नोकरीत, बरेचसे ठेकेदाराकडे आणि उरलेले वाडीपर्यंतच्या रस्त्यालगत ट्रक-टेम्पोच्या गॅरेजांत. याच महिंद्राने देशातल्या रॅलीच्या शर्यतींत आपली टीम उतरवली होती, हे मात्र इथे फारसं कुणाला माहीत नसतं. लग्नाच्या वरातीत दिसणारी एक्सयूव्ही ५०० जंगलातल्या मातीच्या रस्त्यावर धावायची. ती चालवायचा दिल्लीचा गौरव गिल. पुढे २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेला तो पहिला मोटार शर्यतपटू. आणि त्याच्या बाजूच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायचा कासरगोडचा मूसा शरीफ. त्याचं काम एकच, रस्ता वाचून दाखवणं.

ज्यांनी रॅली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथे गोल ट्रॅक नसतो. गावातले, डोंगरातले, शेतामधले खरे रस्ते काही तासांसाठी बंद करतात आणि एकामागून एक गाडी सोडतात. प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. अशा एका तुकड्याला स्टेज म्हणतात. एक स्टेज संपली की पुढच्या स्टेजपर्यंत तीच गाडी साध्या रस्त्याने, नंबर प्लेट लावून, सिग्नलला थांबत जाते. वाटेत बिघडली तर गाडीतल्या दोघांनीच, गाडीतल्याच पान्यांनी, दुरुस्त करायची. मेकॅनिकांचा हात फक्त ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळेत लागतो. संध्याकाळची मोठी सर्व्हिस म्हणजे साधारण ४५ मिनिटं. एक मिनिट उशीर झाला की दहा सेकंदांचा दंड.

आता वहीची गोष्ट. शर्यतीच्या आधी दोघं तोच रस्ता ठरवून दिलेल्या कमी वेगात दोनदा फिरून बघतात. चालक बोलतो आणि बाजूचा लिहून घेतो. शंभर मीटर, डावीकडे चार, पुढे चढ, पलीकडचं दिसत नाही, लगेच उजवीकडे दोन, आत दगड आहे, वळण कापू नको. हे चार नि दोन म्हणजे वळण किती तीव्र त्याचे आकडे. शर्यतीच्या दिवशी लिहिणारा तेच वाचतो आणि चालक डोळ्यांना न दिसणाऱ्या वळणात त्या आवाजाच्या भरवशावर गाडी घालतो. उर्दू शाळेत याला इमला म्हणतात, मराठी शाळेत श्रुतलेखन. आमच्याकडे चूक झाली तर लाल शाई. तिथे झाड.

मूसा शरीफने असं शेकडो रॅलींत वाचलं आहे. वर्तमानपत्रात फोटो मात्र बहुतेक वेळा चालकाचा. हे जगभर असंच आहे, त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही. तरी एवढ्या नामवंत वाचणाऱ्याचं नाव आमच्या पोरांना ठाऊक नसावं, हे मला खटकतं. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, २०२१ च्या डिसेंबरपासूनचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम हेही मूळचे रॅलीचालक. मध्य पूर्वेची रॅली स्पर्धा त्यांनी चौदा वेळा जिंकली. हे सांगितलं की पोरं खूश होतात. मूसा शरीफचं सांगितलं की विचारतात, "सर, सिर्फ पढ़ने के लिए साथ में?"

महिंद्रा जागतिक रॅलीपर्यंत गेली नाही. तिने विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतींची वाट धरली. जागतिक रॅलीसाठी नवी टीम कशी उभी राहते हे पाहायचं तर आपल्या ओळखीची दुसरी कंपनी आहे, ह्युंदाई. पुण्याजवळच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना तिने २०२३ मध्ये घेण्याचा करार केला, म्हणजे आता तीही महाराष्ट्राची.

ह्युंदाईने हा खेळ दोनदा खेळला. पहिल्यांदा २००० ते २००३, अॅक्सेंट गाडी घेऊन. तीच अॅक्सेंट, जी तेव्हा आपल्याकडे डॉक्टर-वकील मंडळी घ्यायची. रॅलीची गाडी बनवणं नि पळवणं हे काम इंग्लंडमधल्या एका दुसऱ्या कंपनीला दिलेलं होतं. सोप्या भाषेत, ठेका. पैसे अपुरे पडले, निकाल लागेना आणि २००३ चा मोसम पुरा व्हायच्या आत टीम बाहेर पडली. चार वर्षांत त्या वर्कशॉपातले लोक जे शिकले ते त्यांच्याजवळ राहिलं, कंपनीच्या हाती काही आलं नाही.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. २०१२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या प्रदर्शनात आय-२० ची रॅलीची गाडी दाखवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत आल्झेनाऊ या छोट्या गावात स्वतःची शर्यत-कंपनी काढली. मिशेल नांदान या अनुभवी इंजिनिअरला प्रमुख नेमलं. २०१३ चं सबंध वर्ष एकही जागतिक रॅली धावले नाहीत. माणसं गोळा केली, गाडी बनवली, चालवली, मोडली, पुन्हा बनवली. आपल्या रस्त्यावरच्या आय-२० ची पुढची दोन चाकं ओढतात. या गाडीची चारही ओढतात, आणि १६०० सीसीचं टर्बो इंजिन तीनशेच्या आसपास अश्वशक्ती देतं. म्हणजे नाव तेच, आतलं सगळं निराळं.

एवढं करून २०१४ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लोला पहिली रॅली. बेल्जियमच्या थिएरी न्यूविलने पहिल्याच स्टेजवर गाडी ठोकली, स्पेनच्या दानी सोर्दोचीही बंद पडली. दोन्हींपैकी एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. मार्चमध्ये मेक्सिकोत न्यूविल तिसरा येत होता, तर परतीच्या वाटेवर रेडिएटर गळायला लागला. पाणी नव्हतं, बिअरची मोठी बाटली होती. ती रेडिएटरमध्ये ओतून गाडी कशीबशी वेळेत आणली आणि टीमचं पहिलं पारितोषिक पदरात पडलं. (दारूचा याहून पाक उपयोग मला तरी माहीत नाही.)

ऑगस्टमध्ये जर्मनीतली रॅली आली. आदल्या दिवशीच्या सरावात न्यूविलची गाडी द्राक्षांच्या मळ्यातून कोलांट्या खात खाली गेली, सहा वेळा. आत तो आणि वाचणारा निकोला जिलसूल, दोघंही सुखरूप. गाडीचा मात्र पत्र्याचा गोळा झाला होता. मेकॅनिकांनी रात्र जागून ती सकाळपर्यंत उभी केली. त्याच गाडीने रविवारी रॅली जिंकली. पुढचे काही जण वाटेत आपटले हा नशिबाचा भाग, पण आपटायला आणि जिंकायला आधी गाडी रस्त्यावर असावी लागते. सोर्दो दुसरा आला. पुढे कंपन्यांचं विजेतेपद २०१९ आणि २०२० मध्ये मिळालं, आणि न्यूविल जगज्जेता झाला तो थेट २०२४ मध्ये. मॉन्टे कार्लोच्या त्या ठोकरीनंतर दहा वर्षांनी.

मला या सगळ्यात ती जर्मनीतली रात्र महत्त्वाची वाटते. कारण आमच्याकडे गॅरेज हा शब्द धमकीसारखा वापरतात. पढ़ेगा नहीं तो गैरेज में बैठेगा. शिक्षकांच्या खोलीतही हेच आणि घरीही हेच. नागपुरात मोमिनपुऱ्यापासून इथपर्यंत आमचे किती लोक या कामावर जगतात, आणि त्यांच्याच घरात त्या कामाला शिक्षा म्हणायचं? इंजिनचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह बिघडला ते सांगणारा उस्ताद मी पाहिला आहे. त्याच्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्या शागिर्दाजवळ मात्र कागदाचा एक कपटा नसतो, आणि कंपनीच्या गेटवर कागद विचारतात. तिथे मग तो ठेकेदाराचा माणूस होतो. आज या लाइनवर, महिन्याभराने दुसऱ्या. शिकलेलं कुठेच साचत नाही. अॅक्सेंटच्या वेळी जे कंपनीचं झालं ते इथे रोज माणसांचं होतं.

माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही. डिसेंबरपासून शाळेत येणं कमी झालं, दुपारी दुचाकीच्या गॅरेजात दिसायला लागला. त्याच्या अब्बांना भेटलो. म्हणाले, "सर, हाथ में हुनर आ रहा है, परचा देके क्या करेगा?" मी म्हटलं, हुनर तर येऊ द्याच, पण आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलसाठी दहावी पास लागते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. इथे शिकवणारे मराठीत बोलतात, पुस्तकं मराठीत नाहीतर इंग्रजीत. उर्दू माध्यमाचं पोरगं पान्यावर अडत नाही, वाचायला दिलं की अडतं. ते मान हलवत ऐकत होते. पटलं का ते कळलं नाही. मुलाला शाळा सुटल्यावर अर्धा तास पाठवायला मात्र कबूल झाले.

तेव्हापासून त्याचा मराठीचा इमला चालू आहे. पाठ्यपुस्तकातला उतारा दिला की जांभया देतो. गेल्या आठवड्यात गॅरेजातून तेलाच्या डागांची एक पुस्तिका घेऊन आला, एका मोटारसायकलची, मराठीतली. म्हणाला, "सर, इसमें से बोलो ना." मी वाचत गेलो, तो लिहीत गेला. झडप, वंगण, घर्षण. 'घर्षण' दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. मग वही माझ्याकडे सरकवली नाही, स्वतःच मोठ्याने वाचायला लागला.