मटण स्ट्रीटवरची उभी रेघ

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की पहाटे मुंबई सेंट्रलला उतरता येतं. बाबांना या गाडीची जुनी सवय. बडोद्याच्या दांडिया बाजारात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि दर महिन्याला ते सुटे भाग आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जायचे. पुढे सपाट पडद्याचे टीव्ही आले. त्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलं नाही, बोर्ड बदलायचा आणि मोकळं व्हायचं. दुकान बंद झालं.

या वेळी मी त्यांना घेऊन निघालो होतो. कारण ऐकून ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. मला नाणं टाकून खेळायचं, कपाटाएवढं उंच व्हिडिओ गेमचं जुनं यंत्र विकत घ्यायचं होतं.

माझ्या वयाच्या लोकांना ते आठवत असेल. अंधारी खोली, उदबत्तीचा वास, एका रुपयाला एक डाव. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ तेव्हा गल्लोगल्ली होता. पण हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातल्या चार नायकांपैकी एकाच्या नावावरून सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचे. त्या मुस्तफापायी मी एकदा बाबांच्या गल्ल्यातून पाच रुपये उचलले. बाबांनी मला पार्लरमधून कान धरून बाहेर काढलं. मारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गल्ल्याला कुलूप लागलं आणि ते कुलूप मला माराहून जास्त लागलं.

मुंबई सेंट्रलहून आम्ही चालतच निघालो. चोर बाजार ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे. तिथून रमतगमत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटांची वाट. मटण स्ट्रीट ही त्याची मुख्य गल्ली. पितळी दिवे, ग्रामोफोनचे कर्णे, जुन्या सिनेमांची पोस्टर्स, जहाजावरची घड्याळं आणि मधूनच एखादी मोटारीची डिकी. शुक्रवारी इथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या वस्तूंचा जुम्मा बाजार भरतो. आम्ही शनिवार निवडला होता.

गल्लीच्या मागच्या एका गोदामात यंत्र उभं होतं. बंद पडलेल्या एका गेम झोनमधून आलेलं. वर चिकटपट्टीचे डाग, बटणांवर मळाचा थर, बाजूला कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र. मालकाने प्लग लावला. आतून गाण्याची टिरीटिरी सुरू झाली, पण पडद्यावर चित्र नव्हतं. मधोमध वरपासून खालपर्यंत फक्त एक लखलखीत पांढरी रेघ.

"पिक्चर ट्यूब गया, साहब. एलसीडी डाल लो, पाँच मिनट का काम है."

मला पटलं. हल्ली सगळे तेच करतात. मी भावाचं बोलणार, तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "आधी ब्राइटनेस कमी करा. पडदा जळेल."

आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "व्हर्टिकल बसलं की आडवी रेघ येते," ते स्वतःशीच पुटपुटले. "ही उभी कशी?" मग टॉर्च मागून घेतला, मागचं दार उघडायला लावलं, हात न लावता आत डोकावले आणि हसले. "अरे, यांनी टीव्ही कुशीवर झोपवलाय!"

खरंच तसं होतं. या यंत्रातल्या एका छोट्या बोर्डात साठ खेळ भरलेले असतात. पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग असे १९८०च्या आसपासचे, आणि ते सगळे उभ्या पडद्याचे. म्हणून पिक्चर ट्यूब आडवी न बसवता कुशीवर बसवतात. टीव्हीत जी रेघ आडवी दिसली असती, ती इथे उभी दिसत होती. ट्यूब ठणठणीत होती. बिघडला होता तो चित्र वरखाली पसरवणारा भाग.

माझा मुस्तफा मात्र त्या साठांत नव्हता. त्याला आडवा पडदा लागतो. मी जरा हिरमुसलो. आणखी एक गोष्टही सांगायला हवी. असे बहुतेक बोर्ड मूळ कंपन्यांच्या परवानगीशिवाय बनवलेले असतात. ते ठाऊक असूनच मी पुढे गेलो.

मालकाने २२,००० सांगितले होते. मी एकीकडे बोलत असताना बाबांनी तळाचं प्लायवूड ठोकून पाहिलं. समुद्राच्या दमट हवेत ते खालूनच फुगतं. वाळवीची माती आहे का तेही पाहिलं. शेवटी १४,००० ठरले. निघताना बाबांनी मालकाला सांगून टाकलं, "ट्यूब अच्छी है. शंभर-दोनशेचा माल लागेल." तो क्षणभर बघत राहिला, मग म्हणाला, "चाचा, पहले बोलते तो बीस लेता." आणि चहा मागवला.

परतीच्या वाटेवर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. आता तिथे सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर, लॅपटॉप. बाबांचं नेहमीचं दुकान मोबाइलच्या कव्हरांचं झालेलं. ते पाटीकडे पाहत उभे राहिले. मग एका अरुंद जिन्याने वर गेले. मी मागोमाग. वर खणाखणांच्या कपाटापुढे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाबांनी चिठ्ठीवर लिहून आणलेला आयसीचा नंबर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, एक खण ओढला आणि आयसी काढून दिला. सोबत कंडेन्सर आणि बटणांचे मायक्रोस्विच.

यंत्र टेम्पोने बडोद्याला आलं. पुढच्या रविवारी बाबांनी ते उघडलं. इथे एक सांगतो, हे घरी स्वतः करू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. जाणत्या मेकॅनिकलाच बोलवा. बाबांनी आधी तो भार उतरवला, मग जुने डाग तपासले. आयसीच्या पायांभोवती केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. त्यांचा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप हिंदकळतो. मी सोल्डरिंग आयर्न घ्यायला पुढे झालो, तर म्हणाले, "तू टॉर्च धर." मनगट त्यांनी लाकडी चौकटीवर टेकवलं आणि एकेक पाय नव्याने डागला.

यंत्र सुरू केलं. रेघ थरथरली, फुगली आणि काळ्या आकाशात रंगीत तारे पसरले.

बोर्डाची वायर मात्र मी जोडली. बोर्ड आणि यंत्र यांच्यातली ही ५६ टोकांची जोडणी जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली ठरवून दिली. त्यामुळे आडव्या पडद्याचं यंत्र मिळालं, तर मुस्तफाचा बोर्डही असाच एका पट्टीत बसेल. ते पुढचं पुढे.

माझी लेक नाणं घेऊन धावत आली. आजचं रुपयाचं नाणं लहान. ते फटीतून सरळ खाली पडून परत आलं. यंत्राला जुनं, मोठं नाणं हवं होतं. बाबा आत गेले आणि दुकानाचा गल्ल्याचा डबा घेऊन आले. कुलूप अजून त्याला लटकलेलं होतं, पण उघडं. डब्याच्या तळाशी जुने रुपये होते. एक त्यांनी नातीला दिला.

मग दुसरा काढून माझ्यापुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "या वेळी विचारून."