तिकिटावरचं राज्य, पाकिटावरची माणसं

माझ्याकडे आलेलं दक्षिण आफ्रिकेचं पहिलं तिकीट अर्ध्या पेनीचं होतं. हिरव्या चौकटीत काळ्या रंगातलं स्प्रिंगबॉक हरणाचं डोकं. शाळकरी वयात मी ते त्या हरणासाठी जपलं. तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं, टिपकागदावर वाळवायचं आणि हिंज, म्हणजे गोंदाची छोटी कागदी पट्टी, लावून अल्बममध्ये चिकटवायचं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं.

कॉलेजात असताना एका कॅटलॉगमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच केप ऑफ गुड होप वसाहतीची तिकिटं पाहिली. १८५३ सालची, जगातली पहिली त्रिकोणी तिकिटं. चार्ल्स बेल यांनी स्त्रीरूपात रेखाटलेली ‘आशा’ त्यांवर नांगराला टेकून बसली आहे. १८६१मध्ये केपटाऊनलाच घाईनं छपाई करावी लागली. तेव्हा एक पेनी आणि चार पेनीच्या ठशांची सरमिसळ झाली आणि लाल तिकीट निळं, निळं तिकीट लाल निघालं. ती विकत घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं. पण तिकीट कुणी, कधी आणि का छापलं, हे शोधायची ओढ तिथून लागली.

त्या ओढीनंच ऑरेंज फ्री स्टेटची तिकिटं जमवली. बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकारांच्या, या प्रजासत्ताकाच्या तिकिटावर संत्र्याचं झाड आणि पोस्टाची तीन शिंगं. मार्च १९००मध्ये इंग्रजांनी तिथली राजधानी ब्लूमफाँटेन घेतली आणि याच तिकिटांवर व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर. आय.’ ही अक्षरं छापली. अक्षरांमधले ठिपके तळाशी आहेत की मधल्या उंचीवर, यावरून आधीची आणि नंतरची छपाई ओळखतात. भिंगाखाली ते ठिपके पाहताना जाणवायचं, झाड तेच आहे, मालक बदलला आहे.

१९१०मध्ये चार वसाहती मिळून दक्षिण आफ्रिकेची युनियन झाली. तिची १९२६पासूनची तिकिटं जोडीनं जमवतात. एकाच शीटमध्ये एक तिकीट इंग्रजीत, शेजारचं आफ्रिकान्समध्ये. इंग्रज आणि बोअर या दोन गोऱ्या समाजांचा समेट तिथे शेजारी शेजारी छापलेला आहे. देशात बहुसंख्य असलेल्यांच्या झुलू, खोसा, सोथो या भाषांना त्या जोडीत जागा नव्हती. ज्या अर्ध्या पेनीच्या हरणावर मी लहानपणी जीव टाकला, तेही याच मालिकेतलं.

तिकिटांवर जागा न मिळालेली माणसं पाकिटांवर भेटतात, म्हणून अलीकडे मी सुट्या तिकिटांपेक्षा पाकिटं शोधतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातली मुसलमान कुटुंबं केपटाऊनला जाऊन स्थिरावली. तिथून रत्नागिरीकडे आलेलं एक पाकीट माझ्या संग्रहात आहे. बाजारात त्याला फारसा भाव नाही. तिकिटावर राजाचा चेहरा आहे, पण पत्ता कुणीतरी जपून, एकेक अक्षर सुटं काढत लिहिला आहे. केपटाऊनचा शिक्का पुढे, आपल्याकडचा मागे.

नव्यानं तिकिटं जमवणाऱ्यांना मी आग्रहानं सांगतो, असं जुनं पाकीट हाती आलं तर त्यावरचं तिकीट सोडवू नका. राज्य करणाऱ्यांची नावं कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडतात. पत्र पाठवणाऱ्याची खूण त्या पाकिटावरच राहिलेली असते.