थांबता येतं

सहा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. रक्त पडायचं, स्टेरॉइड सुरू व्हायचं, चेहरा सुजायचा. गोळ्या कमी केल्या की पुन्हा पहिले पाढे. शाळेत शिकवताना फळ्याकडे पाठ केली तरी लक्ष दाराकडे. शेवटी गुदाशयासकट मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून ‘जे’ अक्षराच्या आकाराची पिशवी आत शिवली. ती भरून येईपर्यंत तीन महिने पोटावर स्टोमा आणि त्यावर बॅग.

स्टोमा म्हणजे पोटाबाहेर काढलेलं आतड्याचं लालभडक, ओलं तोंड. हात लावला तर दुखत नाही, याचं मला फार नवल वाटलं. बॅग बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा आतडं जरा गप्प असतं. एकदा मात्र नवी प्लेट चिकटवताना नेमकं वाहायला लागलं. एका हाताने कापूस दाबून धरलेला, दुसऱ्या हातात प्लेट, आणि दाराबाहेर सासूबाई, “अगं, चहा गार होतोय!” म्हटलं, “होऊ द्या.”

एप्रिलमध्ये रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे. बॅग भरायची, तहान तशीच. डॉक्टर म्हणाले, “पाणी नाही, मीठ कमी पडतंय.” पाणी आणि मीठ परत शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं. ते नाही, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन मीठ आणखीच वाहून जात होतं. मग ओआरएस आणि मीठ घातलेली पेज सुरू केली. आजही डब्यातल्या ताकात मी वरून मीठ घालते. शेजारच्या बाई बीपीमुळे अळणी खातात, त्या माझ्याकडे बघत राहतात.

बॅग निघाली तेव्हा वाटलं, सुटले. पहिल्या आठवड्यात दिवसातून पंधरा वेळा जावं लागलं. कातडी अशी सोलवटली की बसताना डोळ्यांत पाणी यायचं. झिंकचं मलम, मऊ भात, केळं यांवर दिवस काढले. हळूहळू पिशवी ताणली. आता दिवसा पाच-सहा वेळा, रात्री एकदा. कणीस आणि शेंगदाणे बारीक चावून, तेही थोडेच. दोनदा पिशवीला सूज आली, अँटिबायोटिकने उतरली. बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी लाल रंग बघून छातीत धस्स होतं, मग आदली कोशिंबीर आठवते.

“पाच-सहा वेळा? म्हणजे अजून बरं नाहीच की,” लोक म्हणतात. आकडा ऐकून तसं वाटणारच. पण आजारात कळ आली की पळायचं, नाहीतर कपडे खराब. आता कळतं, आणि थांबता येतं.

गेल्या महिन्यात स्वारगेटहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या. पोटात भरल्यासारखं वाटायला लागलं होतं. पूर्वी मी दाराजवळची सीट धरायचे आणि अशा वेळी कंडक्टरच्या हातापाया पडून उतरायचे. या वेळी खिडकीशी बसून राहिले. पाऊण तास गेला. साताऱ्याच्या स्टँडवर संडासाबाहेर चार बायका होत्या. सुट्टे पैसे मुठीत धरून मी पाचवी उभी राहिले.