सहा जणांची बढत

एका वेळी एकानेच उपज करावी, बाकीच्यांनी साथ करावी, असं माझं अगदी पक्कं मत होतं. ख्याल ऐकत वाढल्यावर दुसरं मत होणार तरी कसं? गायक बढत करतो, तबलजी ठेका धरून असतो, पेटीवाला मागोमाग येतो. जॅझकडे वळले तीही हीच फूटपट्टी घेऊन, आणि चार्ली पार्कर, सोनी रॉलिन्स या सॅक्सोफोनवादकांना ती चपखल लागू पडली. एक जण पुढे येतो, आपलं म्हणणं मांडतो, मागे सरतो. सगळ्यांनी एकदम सुचेल ते वाजवायचं म्हणजे कुणीच कुणाचं न ऐकण्याची मुभा, असं मी ठासून सांगायचे. साठच्या दशकातलं सगळं ‘फ्री जॅझ’ त्या एका वाक्यात निकालात काढायचे.

आज मी तसं मानत नाही. रॉस्को मिचेल या सॅक्सोफोनवादकाचा ‘साउंड’ हा पहिला अल्बम त्याला कारण आहे.

ऑगस्ट १९६६मध्ये शिकागोत तो ध्वनिमुद्रित झाला. मिचेलला त्याच महिन्यात २६ वर्षं पूर्ण झाली होती. त्याच्याकडे ऑल्टो सॅक्सोफोन, शिवाय क्लॅरिनेट, बासरी आणि रेकॉर्डर हे बासरीसारखं वाद्य. लेस्टर बोवी ट्रम्पेटवर, मॉरिस मॅकिंटायर टेनर सॅक्सोफोनवर, लेस्टर लॅशली ट्रॉम्बोन आणि चेलोवर, मलाकाय फेव्हर्स डबल बासवर, अल्विन फील्डर ड्रम्सवर. पियानो नाहीच. म्हणजे कॉर्डची चौकट आखून बाकीच्यांना त्यात बसवणारं वाद्यच काढून टाकलेलं.

मी कल्लोळाची तयारी ठेवून ऐकायला बसले होते. ‘द लिटल सूट’ या रचनेत मला भेटला तो संयम. माउथ ऑर्गन, रेकॉर्डर, घंट्या, किणकिणणारी लहानसहान वाद्यं. एक आवाज उमटतो आणि विरायला त्याला पुरेशी जागा मिळते. कुणी त्याच्यावर तुटून पडत नाही. मग दुसरीकडून उत्तर येतं, कधी उत्तर न देता कुणी भलतंच सुचवतं आणि सगळे तिकडे वळतात. सहा जणांपैकी बराच वेळ निम्मे गप्प असतात. हे गप्प राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. साथीदाराला ठेका सांभाळायचा असतो, त्याचं काम ठरलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नाही, म्हणून प्रत्येकाला क्षणोक्षणी ठरवावं लागतं की आत्ता आपली गरज आहे का. न ऐकता हे जमणं शक्यच नाही.

एलपीवरची ‘साउंड’ ही शीर्षकरचना दोन टेक, म्हणजे दोनदा केलेली ध्वनिमुद्रणं, जोडून तयार केली होती. पुढे सीडीवर दोन्ही टेक अखंड आले, आणि ते लागोपाठ ऐकले तेव्हा माझ्या जुन्या मताचं उरलंसुरलं बळही गेलं. सुरुवातीची संथ धून दोन्हींत तीच. तिच्यापुढची वाट निराळी. काय बांधलेलं आहे आणि काय मोकळं सोडलं आहे, ते शेजारी शेजारी ठेवल्यावर स्वच्छ दिसतं. नुसतं सुचेल ते वाजवलं असतं तर दोन्ही टेकना एकच चेहरा आला नसता.

मग मी मागे गेले. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ची ध्वनिमुद्रणं काढली. त्यात कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकमेकांत गुंफून एकाच वेळी वाजतात. दुसरा कॉर्नेट तरुण लुई आर्मस्ट्राँगचा. एकल वादनाला जॅझमध्ये आज जे स्थान आहे ते त्याच आर्मस्ट्राँगने पुढच्या काही वर्षांत मिळवून दिलं. म्हणजे मी ज्याला जॅझचा मूळ स्वभाव समजत होते, ते नंतर आलं. सामूहिक उपज आधीची. ऑलिव्हरचा हा बँडही शिकागोच्या साउथ साइडलाच वाजवत असे. मिचेल आणि त्याचे सोबती परंपरा मोडत होते असं म्हणणाऱ्यांत मीही होते. ते तिचा सगळ्यात जुना धागा उचलत होते, असं आता माझं म्हणणं आहे.

यामागे नुसती संगीतातली हौस नव्हती. साउथ साइडवरचे क्लब बंद पडत होते, कामं आटत होती. १९६५मध्ये मुहाल रिचर्ड अब्राम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’ ही संस्था काढली. स्वतःच्या रचना, स्वतः भरवलेल्या मैफली, वस्तीतल्या मुलांना मोफत शिक्षण. त्या मंडळींची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘साउंड’. एकमेकांना सांभाळून घेत कामं उभी करणारी माणसं वाजवतानाही तशीच वागतात, आणि ते ऐकू येतं. पुढे ‘आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो’त मिचेल, बोवी आणि फेव्हर्स वर्षानुवर्षं एकत्र राहिले, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

सगळंच मला पटलं असं नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’ या अल्बममध्ये ११ वादक आहेत आणि तिथे मला अजूनही गर्दीच ऐकू येते. ख्यालावरचं प्रेमही तसूभर कमी झालेलं नाही. पण एकट्याची बढत हीच खरी बढत, हे मी पुन्हा म्हणणार नाही.

तुम्ही हा अल्बम ऐकणार असाल तर ‘ऑर्नेट’ या पहिल्या, वेगवान रचनेने सुरुवात करू नका. आधी ‘द लिटल सूट’ लावा, हातातलं काम बाजूला ठेवून. आणि मिळाली तर सीडीचीच आवृत्ती घ्या, ‘साउंड’चे दोन्ही टेक तिच्यात आहेत.