अब्बांचे कपाट आणि परतवाड्याचे पुस्तकांचे दुकान

परतवाड्यात बाहेरचा माणूस थांबतो तो बहुधा चहापुरता. चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्या इथून जातात. कोणी पेट्रोल भरतो, कोणी मुलांसाठी बिस्किटे घेतो आणि घाटाला लागतो. या भागात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर आम्ही अचलपूरचा हौज कटोरा सांगतो, दुल्हा रहमान शाह यांचा दर्गाह सांगतो, गाविलगड सांगतो. पुस्तकांचे दुकान कोणाला सांगत नाही. पण आमच्या घराला या गावाने जे दिले, त्यातले बरेचसे एका लहानशा पुस्तकांच्या दुकानातून आले आहे. त्याचीच ही हकीकत.

आधी गावाविषयी थोडे. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावे. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, १४९० ते १५७४ या काळातल्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा त्या मानाने नवे. इंग्रजांच्या काळात इथे छावणी होती. फौजेच्या परेडीवरून 'परेडवाडा' आणि त्याचे पुढे 'परतवाडा' झाले, असे जुनी माणसे सांगतात. अचलपूरकडे तटबंदी, दरवाजे आणि जुने मोहल्ले. परतवाड्याकडे बाजार, एस.टी. स्टँड आणि मेळघाटच्या सागवानाचा व्यापार. आमचे घर अचलपूरकडचे, खरेदी मात्र परतवाड्याची.

आमच्या लहानपणी जून महिना आला की बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी व्हायची. वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची पुस्तके निम्म्या किमतीत मिळत. अब्बा ती पारखून घेत. पाने पूर्ण आहेत ना, नकाशा फाटलेला नाही ना, हे पाहत. घरी आल्यावर खाकी कागदाची कव्हरे चढत. पण अब्बांचा एक नियम होता. शाळेच्या पुस्तकांबरोबर प्रत्येकाने शाळेबाहेरचे एक पुस्तक निवडायचे, आणि ते कोणते हे त्यांनी सांगायचे नाही. आम्ही 'किशोर'चे जुने अंक उचलत असू. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते. आमच्यासारख्या उर्दू शाळेतल्या मुलांना मराठीची गोडी लागली ती त्या अंकांमुळे.

उर्दू पुस्तके मिळवणे तेव्हाही सोपे नव्हते. उर्सात टोप्या आणि अत्तराच्या शेजारी किताबांचा एखादा स्टॉल लागे, तिथे मिळत. नाहीतर अब्बा अकोल्याला, नागपूरला कामासाठी गेले की आणत. अकोल्याला जायचे तर कधी कधी ते शकुंतला गाडीने मूर्तिजापूरपर्यंत जात. कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, तेही १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, पण गाडी इतकी सावकाश की अब्बा म्हणत, "जाताना निम्मी किताब, येताना निम्मी. तिकीट वसूल." ती गाडी आता बंद आहे. अब्बाही राहिले नाहीत. राहिले ते त्यांचे कपाट, तीन फळ्या भरून उर्दू पुस्तकांचे.

आता आजची गोष्ट. आमची थोरली मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. अरबी वाचते, कारण कुरआन शरीफ शिकली आहे. पण उर्दू वाचता येत नाही. घरात बोलते, समजते, मोबाइलवर शेरोशायरी ऐकते, मैत्रिणींना रोमन अक्षरांत उर्दू लिहून पाठवते. छापलेले उर्दू पान समोर ठेवले की अडते. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो आणि आमच्याच घरात हे असे. दोष कोणाचा, तर आमचाच. रोज उद्यावर ढकलत गेलो.

गेल्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा होता. कपाट हलवायचे म्हणून पुस्तके बाहेर काढली. धूळ, कसर, पिवळी पाने. कोणीतरी सुचवले की आता हे कोण वाचणार, रद्दीवाल्याला बोलवा. लाज वाटते सांगायला, पण आम्हीही मान डोलावली. सगळे मोबाइलवर मिळते, असे आपण म्हणतोच. ते खोटेही नाही. 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर हजारो उर्दू किताबा फुकट वाचता येतात, 'किशोर'चे जुने अंक मोबाइलवर उघडतात, बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आम्ही याच मोबाइलवरून मुलांपर्यंत पोहोचलो. त्याचे उपकार विसरणार नाही.

रद्दीची पिशवी भरत असताना मुलीने एक पुस्तक हातात घेतले आणि विचारले, "यात काय आहे?" आम्ही नाव वाचून सांगितले. तिने दुसरे उचलले. मग तिसरे. शेवटी म्हणाली, "म्हणजे दादांनी काय वाचलं, ते मला कधीच कळणार नाही?"

आम्हांला तेव्हा रिद्धपूर आठवले. आमच्याच जिल्ह्यातले हे गाव. तेराव्या शतकात इथे 'लीळाचरित्र' लिहिले गेले, मराठी गद्याचा आरंभ मानला जाणारा ग्रंथ. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ 'सकळ'सारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पोथ्या होत्या, पण पंथाबाहेरच्या लोकांना त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकात लिपीची किल्ली मिळाली तेव्हा महाराष्ट्राला आपला हा ठेवा कळला. लिपी येत नसेल तर समोरचा ग्रंथही बंद कपाटासारखा. त्यांनी पोथ्या निदान मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. आम्ही तर निष्काळजीपणाने कुलूप घातले.

रद्दीवाल्याला बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन परतवाड्याच्या त्या जुन्या दुकानात गेलो. तेच दुकान, गल्ल्यावर आता मुलगा बसतो. उर्दू कायदा मागितला. तो स्टुलावर चढला आणि वरच्या खणातून धूळ झटकत कायदा काढला. म्हणाला, "सर, हे कोनी मांगतच नाही आता. गाइडं अन् वह्या खपतात. गोष्टीचं पुस्तक कोन इचारते? या खणात मोबाइलचे कव्हर ठेवाव म्हनतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुकानाचे भाडे, विजेचे बिल त्यालाही भरायचे असते. आम्हीच गेल्या पाच वर्षांत त्याच्याकडून गाइडांखेरीज काय घेतले होते?

आम्ही बोलत होतो तोवर मुलगी कोपऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी बसली होती. अर्ध्या तासाने उठली ती हातात साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृति' घेऊन. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या गुरुजींनी पैगंबरसाहेबांवर आणि इस्लामवरही लिहिले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. शाळेत कोणी सांगितले नव्हते आणि खरे म्हणजे आम्हीही नव्हते. ती हे पुस्तक शोधायला आली नव्हती. ठाऊकच नसलेल्या पुस्तकाचे नाव ती मोबाइलवर तरी कशी टाकणार? मोबाइल आपण मागतो ते देतो, आणि कालपर्यंत मागितले त्याच्यासारखेच आणखी देत राहतो. पुस्तकांच्या ढिगात मात्र न मागितलेले हाताला लागते. अब्बा निवड आमच्यावर का सोपवत, ते त्या दिवशी समजले.

दुकानात बसून वाचण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात पुस्तकविक्रेत्यांचा अख्खा बाजार होता. अल-जाहिज हे त्या काळचे मोठे लेखक. ते पुस्तकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेत आणि पहाटेपर्यंत वाचत, असे इब्न नदीम यांनी नोंदवले आहे. हे इब्न नदीम स्वतः पुस्तकविक्रेते होते. आपल्या काळातल्या अरबी पुस्तकांची भली मोठी सूची, 'अल-फिहरिस्त', त्यांनी ९८७ च्या सुमारास तयार केली. किताब विकणारा माणूस तेव्हा नुसता दुकानदार नव्हता, इल्मचा राखणदारही होता.

कायदा घरी आला. शिकवायचे काम दादीने, म्हणजे आमच्या अम्मीने, आपणहून घेतले. रोज मगरिबनंतर अर्धा तास. अरबी अक्षरे येत असल्याने पाया तयारच होता. पे, टे, चे, डाल, गाफ अशी थोडी जादा अक्षरे आणि जेर-जबरशिवाय वाचण्याची सवय, एवढेच शिकायचे होते. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली. दोनदा दांडीही पडली. पण अम्मी हट्टी. धाकटा मुलगाही नकळत शेजारी बसू लागला. बार्शीटाकळीच्या डॉ. महबूब राही यांनी मुलांसाठी लिहिलेल्या उर्दू कविता त्यांना आवडल्या. आपल्या वऱ्हाडातला माणूस उर्दूत लिहितो, याचेच दोघांना अप्रूप वाटले.

तीन महिन्यांनी मुलीने कपाटातले एक पुस्तक उघडले आणि आतल्या कोऱ्या पानावर हाताने लिहिलेल्या ओळी वाचू लागली. अडखळत, बोट ठेवून. अब्बांचे नाव. खाली मूर्तिजापूर, १९८६. कोपऱ्यात किंमत, साडेतीन रुपये. एवढेच. अम्मी उठून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते. मोबाइलमध्ये अब्बांचे फोटोही आहेत, पण त्या दिवशी घरात जे झाले ते फोटोंनी कधी झाले नव्हते.

हा प्रश्न केवळ आमच्या घराचा नाही. वर्गात आम्ही मुलांना विचारले की घरी शाळेबाहेरचे एक तरी पुस्तक कोणाकडे आहे? फार थोडे हात वर झाले. मोबाइल बहुतेक घरी होता, पण एकच, आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. रात्री घरी येतो तेव्हा मुले पेंगुळलेली असतात. पुस्तक मात्र दिवसभर घरीच असते. चार्ज करावे लागत नाही, भावंडांत फिरते, मोठ्याचे धाकट्याला होते. गरीब घराला छापील पुस्तक मोबाइलपेक्षा परवडते, हे आम्हांला त्या दिवशी मुलांकडून कळले.

आणि वाचणारे संपले असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मालेगावात उर्दू पुस्तकांचा राष्ट्रीय मेळा भरला. यंत्रमागाच्या त्या गावात लोक मुलाबाळांसह किताबा घ्यायला आले. औरंगाबादमध्ये मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने जानेवारी २०२१ मध्ये मोहल्ल्यातल्या मुलांसाठी छोटे वाचनालय सुरू केले आणि पाहता पाहता मोहल्लोमोहल्ली अशी वाचनालये उभी राहिली. तिचे वडील पुस्तकविक्रेते आहेत, हे इथे मुद्दाम सांगतो. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावाने २०१७ पासून आपली घरेच पुस्तकांसाठी उघडली आहेत. मग परतवाड्याने का मागे राहावे?

आम्ही आमच्यापुरते काही ठरवले आहे. ईदी देताना नोटेबरोबर एक पुस्तक द्यायचे, मराठी किंवा उर्दू, मुलाला वाचता येईल ते. महिन्याला एक पुस्तक गावातल्या दुकानातूनच घ्यायचे, चार रुपये जास्त पडले तरी. मुलांना दुकानात न्यायचे आणि घाई करायची नाही. आणि मोबाइलवर जे वाचायला मिळते ते जरूर वाचायचे, पण मगरिबनंतरचा अर्धा तास कागदाचा. आपल्या दीनचा पहिला हुकूमच वाचण्याचा आहे, हे आपण जलशांत ऐकतो. घरात त्याची जागा कुठे आहे, हे एकदा ज्याने त्याने आपल्या कपाटाकडे पाहून ठरवावे.

मागच्या रविवारी पुन्हा दुकानात गेलो. वरचा खण अजून पुस्तकांचाच आहे. मोबाइलची कव्हरे दाराशी टांगली आहेत, आणि तीही खपोत, दुकान चालले पाहिजे. आम्हांला पाहून तो म्हणाला, "सर, तुम्ही नेला तसा कायदा अजून दोघांनी मांगला. अमरावतीहून पाच मांगवले." पाच काही फार नाहीत. पण पाच घरांतली कपाटे उघडतील, इन्शाअल्लाह.