जनावर दिसण्याआधी

भुताखेतांच्या मालिका मी लहानपणापासून बघत आले. पाच मिनिटांत दार करकरणार, दिवा विझणार, संगीत अंगावर येणार, हे अंगवळणी पडलेलं. त्यामुळे लेकीने ‘द टेरर’ लावली तेव्हा पहिला भाग संपला तरी यात नेमकं काय बघायचं हेच मला कळेना. सगळे पुरुष, सगळ्यांचे कोट निळे, सगळ्यांना दाढी नाहीतर कल्ले. कोण कप्तान, कोण लेफ्टनंट, कोण कुठल्या जहाजावरचा, काही लागत नव्हतं. सबटायटल्स वाचावीत तर चेहरे निसटत होते आणि चेहरे बघावेत तर बोलणं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून लेक मधूनमधून थांबवून मराठीत सांगायची. त्याचा खरा उपयोग मला झाला.

ही अमेरिकेच्या एएमसी वाहिनीची २०१८ सालची दहा भागांची मालिका. डॅन सिमन्स यांच्या २००७ मधल्या कादंबरीवर बेतलेली. गोष्टीचा सांगाडा मात्र खऱ्या इतिहासाचा आहे. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश आरमाराची दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रातून आशियाकडे जाणारी वाट त्यांना शोधायची होती. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाजवळ दोन्ही जहाजं बर्फात रुतली. १२९ माणसांपैकी एकही घरी परतला नाही.

जहाजं नाहीशी झाली हे मालिका सुरुवातीच्या पाटीवरच सांगून टाकते. माझा पहिला गोंधळ तिथेच झाला. शेवट आधीच हातात दिला, मग पुढचे दहा भाग जीव टांगणीला लागणार तो कशासाठी?

घरात प्रत्येकाचं वेगळं चाललं होतं. “अगं, यांचं भूत कधी येणार?” हे सासूबाईंचं पालुपद. आमच्या यांनी अर्ध्या तासात उशी डोक्याखाली घेतली. भावोजींचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलं. ते मात्र पहिल्यापासून पुढे सरकून बसले होते. पुढे लेकीने सांगितलं, की यातलं चित्रीकरण बरंचसं बुडापेस्टच्या स्टुडिओत झालंय. ते त्यांना कितीतरी वेळ खरंच वाटेना.

पहिल्या भागात ‘एरेबस’चा प्रोपेलर बर्फामुळे अडतो आणि एका खलाशाला पाणबुड्याचा पोशाख घालून खाली सोडतात. डोक्यावर धातूचं जड शिरस्त्राण, मागे हवेची नळी. वर माणसं पंप मारतायत. खाली हिरवट काळोख आणि त्याचा स्वतःचा श्वास, एवढंच ऐकू येतं. तो बर्फाचे तुकडे एकेक करून ढकलत राहतो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेने हे चटकन उरकलं असतं. इथे कॅमेरा हलत नाही. मग पाण्यातून काहीतरी तरंगत त्याच्याकडे येतं. ते काय, हे मी सांगत नाही. पण त्या वेळी आमच्या खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. उशी घेतलेलेही उठून बसले. भावोजी नंतर एवढंच म्हणाले, “खाली उतरणाऱ्याला वरच्यांवर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.”

त्याच भागात नकाशा मांडून बसलेल्या अधिकाऱ्यांचा प्रसंग आहे. ‘टेरर’चा कप्तान क्रोझियर हा बर्फात मुरलेला माणूस. सगळ्यांना एकाच जहाजावर घेऊ, बेटाच्या पूर्वेला आसरा शोधू, हिवाळा तिथे काढू, असं तो परोपरीने सांगतो. फ्रँकलिन सौम्य हसतात आणि पुढेच जायचं ठरवतात. आवाज चढत नाही, कुणी टेबलावर मूठ आपटत नाही. लेकीने हे मराठीत सांगितलं, तशा सासूबाई ताठ बसल्या. “माहितगार सांगतोय, तर ऐकत का नाही हा?” त्यानंतर त्यांनी भुताची चौकशी केली नाही.

मलाही धागा तिथेच सापडला. या मालिकेतलं भय न ऐकण्याचं आहे. त्यासाठीच तिला सावकाश चालावं लागतं, कारण दुर्लक्षाची फळं एका रात्रीत दिसत नाहीत. डब्यांचंच घ्या. या मोहिमेला स्टीफन गोल्डनर नावाच्या कंत्राटदाराने आठ हजारांच्या आसपास डबे पुरवले होते आणि काम घाईघाईत उरकलं होतं. मालिकेत गुडसर हा सहायक डॉक्टर खलाशांच्या हिरड्या बघतो, त्याला डब्यांतल्या शिशाचा संशय येतो आणि खात्री करून घेण्यासाठी तो जहाजावरच्या माकडाला त्यातलं अन्न घालू लागतो. माकड विश्वासाने खातं. सासूबाईंचा सगळा जन्म बरण्यांचं तोंड बांधण्यात आणि झाकण उघडल्यावर आधी वास घेण्यात गेला. त्यांना ते बघवेना. “त्या मुक्या जिवाला नको रे देऊ,” असं त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. प्रत्यक्षात शिशाने किती माणसं मेली यावर संशोधकांमध्ये वाद आहे. १९८०च्या दशकात संशोधक ओवेन बीटी यांनी बीची बेटावरच्या, याच मोहिमेतल्या माणसांच्या कबरी उघडल्या तेव्हा मृतदेहांत शिसं भरपूर सापडलं. पण शिसं हेच मुख्य कारण होतं का, अशी शंका पुढच्या अभ्यासांनी घेतली आहे.

राहिलं या माणसांच्या मागावर असलेलं जनावर. त्याचं नाव टूनबाक. अस्वलासारखं, पण अस्वल नव्हे. त्यावरून आमच्याकडे जेवणाच्या ताटावर भांडण झालं. भावोजींचं म्हणणं, थंडी, उपासमार, स्कर्वी, शेवटी माणसाने माणसाला खाणं, हे सगळं खरं घडलेलं असताना वर राक्षस हवाच कशाला? लेक म्हणाली, “काका, राक्षस नसता तर तुमच्याशिवाय कुणी बसलं असतं का बघायला?” मला दोघांचंही अर्धंच पटतं. टूनबाक ही कादंबरीकाराची निर्मिती आहे, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांचं दैवत म्हणून त्याच्याकडे बघू नये. पण गोष्टीत त्याचं काम मोठं आहे. नकाशावर जिथे नुसती पांढरी जागा होती, तिथे कुणाचं तरी घर आहे, नियम आहेत, जपायच्या गोष्टी आहेत, हे त्याच्यामुळे कळतं. इंग्रजांची पहिली गोळी त्याला लागत नाही, एका म्हाताऱ्या इनुइट माणसाला लागते. त्याची मुलगी जहाजावर येते. ग्रीनलंडच्या नीवे नील्सनने ती भूमिका फार संयमाने केली आहे. गुडसर वही घेऊन तिच्यापुढे बसतो, वस्तूंकडे बोट दाखवतो आणि तिची भाषा एकेक शब्द करत टिपून घेतो. अख्ख्या मोहिमेत तिच्याकडून काही शिकावं असं वाटणारा जवळपास तो एकटाच.

मालिका बघता बघता मी वाचायला लागले, आणि खरी चकित झाले ती त्यात. १८५४ मध्ये जॉन रे या प्रवाशाने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकीकत लंडनला कळवली. गोरी माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, अशी ती हकीकत. लंडन खवळलं. खुद्द चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात लिहिलं, की ‘रानटी’ लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. पुढे किंग विल्यम बेटावर सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं ते इनुइट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या भागातच. ‘टेरर’ २०१६ मध्ये सापडलं ते सॅमी कोगविक या इनुइट माणसाच्या सांगण्यावरून. बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं लाकूड त्याने काही वर्षांपूर्वी पाहिलं होतं. ज्यांना माहीत होतं त्यांचं ऐकायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. हे वाचल्यावर टूनबाकची मला भीती उरली नाही, फ्रँकलिनच्या त्या सौम्य हसण्याची मात्र वाढली.

अनेकांना ही मालिका रेंगाळणारी वाटते. यांनाही वाटली, आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली नाही. कंटाळा येणं मी समजू शकते. मधले एकदोन भाग मलाही जड गेले. तरी माझं सांगणं आहे की ती पुन्हा बघावी. आम्ही आता तेच करतोय, कारण चेहरे ओळखीचे झाले आहेत. पहिल्या भागात फिट्झजेम्स हा देखणा अधिकारी पंगतीला बसून चीनच्या लढाईत आपल्याला गोळी कशी लागली ते रंगवून सांगतो. पहिल्यांदा बघताना तो मला नुसता बढाईखोर वाटला होता. स्कर्वीत शरीराची वीण सुटत जाते आणि जुने, भरलेले व्रण पुन्हा उघडतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटच्या भागांत त्याची तीच जखम उघडते. तोवर तो आपल्याला जवळचा झालेला असतो, क्रोझियरलाही. या खेपेला पंगतीचा तो प्रसंग आला, तो हसत हसत किस्सा सांगायला लागला, तशा सासूबाई म्हणाल्या, “हे पुढे घे, मला नाही ऐकवत.” लेकीने पुढे घेतलं नाही. मग आम्ही सगळ्यांनी तो पूर्ण ऐकला.